डोह, गळ आणि शिंगाळा

काही वर्षांपूर्वी दौंडच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठी, मी एका वयस्कर भोयाला माशांची एक यादी वाचून दाखवली. यादी १८३९ साली लंडनमध्ये छापलेली. तात्या (सगळे गाव त्यांना तात्याच म्हणते) जाळ्याचा फाटका भाग विणत बसले होते. मी इंग्रजी अक्षरांवरून जमतील तशी नावे उच्चारत गेलो : सींगटी, सींघाला, गोगरा, कुटुर्नी, इच्किया, टाक्री, गुंगवारी. दुसऱ्याच नावाला त्यांचा हात थांबला.

"शिंगटी न् शिंगाळा. गोगरा न्हाई, घोगरा म्हना. पर पाव्हणं, ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

"तात्या, एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. तुमच्या आजोबांच्याही आधी."

"इंग्रजाला काय ठावं? त्याला आमच्यातल्याच कुनीतरी सांगितलं असंल."

तात्यांचे म्हणणे बरोबर होते. मी मत्स्यशास्त्र शिकलेला माणूस नव्हे. जुने निबंध वाचायचे आणि त्यांतली नावे घेऊन नदीकाठ फिरायचा, एवढीच माझी अभ्यासाची रीत. नावे तपासायला म्हणून मी भीमेवर गेलो आणि तिथून पुढे एका वेगळ्याच प्रश्नात गुंतलो. नदीतला मोठा शिंगाळा पकडायचा म्हणजे नेमके काय काय ठाऊक असावे लागते? आणि पकडण्याजोगा मासा उरला नाही, तर त्या ठाऊक असण्याचे काय होते?

यादी कुणाची?

विल्यम हेन्री सायक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तो दख्खन फिरला. पिके, पाऊस, लोकसंख्या यांबरोबर त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदले. दख्खनच्या माशांची त्याची संक्षिप्त वर्णने १८३९ मध्ये आणि सचित्र निबंध १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही माशांना त्याने आपल्या परिचितांची नावे दिली. ब्रिटिश माशांवर ग्रंथ लिहिणाऱ्या विल्यम यारेलच्या नावावरून एका प्रचंड माशाला 'यारेली' म्हटले. पण पुष्कळ माशांच्या बाबतीत त्याने काठावरच्या माणसाने सांगितलेला शब्दच लॅटिन नावाच्या जागी बसवला. पुण्याच्या मुळा-मुठेतला शिंगाळा अशा रीतीने शास्त्रात 'सींघाला' झाला. आज जगभरचे अभ्यासक त्याला 'स्पेराटा सींघाला' म्हणतात, तेव्हा नकळत एक मराठी शब्द उच्चारतात. शिंगटीचे 'मिस्टस सींगटी' झाले, घोगऱ्याचे 'रिटा गोगरा'.

वर दिलेली सातही नावे मार्जारमीनांची आहेत. मांजरासारख्या मिशा आणि खवल्यांवाचून गुळगुळीत किंवा खरबरीत कातडी, ही या माशांची ओळख. शिंगाळ्याच्या नावात शिंग आहे, कारण पाठीवरच्या आणि छातीवरच्या परांत टणक काटे असतात. पुष्कळ मार्जारमीन पाण्याबाहेर काढल्यावर हे काटे खोबणीत घासून करकर आवाज करतात. 'घोगरा' हे नाव त्या आवाजावरून पडले असावे, असा माझा कयास आहे.

ही परंपरा सायक्सबरोबर संपली नाही. १९५२ मध्ये चं. वि. कुलकर्णी यांनी कृष्णेतल्या एका छोट्या मार्जारमीनाचे वर्णन केले. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाण्याची त्याची सवय. कुलकर्णींनी त्याचे शास्त्रीय नाव ठेवले 'खवलचोर'. अशा नावांत माशाची वागणूक साठवलेली असते. ती नावे ठेवणाऱ्यांना मासा नुसता दिसला नव्हता, तो कळला होता.

मासा कळणे म्हणजे डोह कळणे

दख्खनच्या नद्यांतले खरोखर मोठे मार्जारमीन तीन. पहिला शिंगाळा, दीड मीटरपर्यंत वाढणारा. दुसरा शिवडा. तो दोन मीटरच्याही पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. त्याचे 'वॉलॅगो' हे शास्त्रीय नाव तेलुगू 'वालुग'वरून आले. इंग्रज शिकारी त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हणत. तिसरा उत्तरेत ज्याला गूंच म्हणतात तो. सायक्सचा 'यारेली' तो हाच. तोही दोन मीटरपर्यंत वाढतो. आपल्याकडे त्याची नावे काठागणिक बदलतात, म्हणून इथे गूंच हेच नाव वापरतो.

तिघेही नदीत आहेत म्हणून तिघांना एका रीतीने पकडता येत नाही. गूंच धावत्या पाण्यातला. खडकांच्या आडोशाला, खळाळ जिथे खोल पाण्यात कोसळतो तिथे, तो तळाला चिकटून पडून राहतो. शिंगाळ्याला संथ, खोल पाणी आणि तळाशी वाळू-माती लागते. शिवडा दिवसा कपारीत किंवा काठाच्या पोकळीत दबून बसतो आणि रात्री उथळ पाण्यात शिकारीला निघतो. त्याचे तोंड डोळ्यांच्याही मागेपर्यंत फाटलेले असते, त्यामुळे बराच मोठा मासा तो सहज गिळतो.

तिघांच्या जागा वेगळ्या असल्या तरी तिघांचा आधार एकच, डोह. दख्खनच्या नद्या पावसाच्या पाण्यावरच्या. उन्हाळ्यात पात्राची वाळू उघडी पडते, धार बारीक होते, कधी तुटते. अशा वेळी मोठ्या माशाला जगायला फक्त डोह उरतो. जेवढा डोह खोल, तेवढा मासा जुना. म्हणून मोठा मासा शोधणे म्हणजे डोह शोधणे, आणि डोह पाण्याच्या पृष्ठभागावरून वाचावा लागतो. नदीच्या वळणावर बाहेरच्या अंगाला पाणी तळ खोदते, आतल्या अंगाला वाळू टाकते. खडकाच्या पायरीखाली कुंड पडते. पाण्याचा रंग काळसर होतो, धार मंदावते, फेस गोल फिरू लागतो. तात्या दोरीला दगड बांधून खोली मोजत. पण तळ वाळूचा, चिखलाचा की खडकाचा हे त्यांना दगड टेकताना दोरीला बसणाऱ्या हिसक्यावरून कळे. "दगड खडकाव पडला की दोरी बोलती, चिखलात पडला की मुकी ऱ्हाती," असे ते म्हणाले.

वास, आवाज आणि अंधार

मार्जारमीनाचे डोळे त्याच्या फारसे उपयोगाचे नसतात. त्याच्या मिशांवर आणि अंगभर रुचिकलिका असतात. एका अर्थी तो सगळ्या कातडीने चव घेतो. शिवाय त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये तिचे वर्णन केले. त्या साखळीमुळे पाण्यातली बारीक धडधडही त्याला ऐकू येते.

या दोन गोष्टी समजल्या की पकडण्याची रीत आपोआप उलगडते. वास येणारे आमिष हवे : शिंगाळ्याला गांडुळांचा झुबका, कोंबडीची आतडी, झिंगे. शिवड्याला मात्र हलणारे भक्ष्य लागते, म्हणून जिवंत छोटा मासा किंवा बेडूक. वेळ रात्रीची, त्यातही अंधाऱ्या पंधरवड्याची. काठावर पाय आपटायचे नाहीत, होडीत वल्हे खडखडू द्यायचे नाही.

साधन म्हणजे गळांची दोर. एक लांब, जाड दोर घ्यायची, तिला हात-दोन हातांवर वीतभर लांबीच्या आखूड दोऱ्या बांधायच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला गळ. दावणीला गुरे बांधावीत तसे गळ ओळीने बसतात. दोन्ही टोकांना दगड बांधून ही दोर दिवेलागणीला डोहाच्या तळाशी आडवी सोडायची आणि पहाटे उचलायची. जाळे का नाही? कारण मोठा मासा जिथे असतो तिथे खडक आणि बुडालेली झाडे असतात. तिथे जाळे अडकते, फाटते. गळ मात्र माशाच्या दाराशीच ठेवता येतो.

मासा लागल्यावरची कसोटी वेगळी. शिंगाळा गळ लागताच खडकाखाली शिरतो. तेव्हा ओढले तर दोर तुटते किंवा ओठ फाटतो. ढील द्यायची, त्याला बाहेर येऊ द्यायचे, पुन्हा ताणायचे. त्याला दम लागेपर्यंत हेच. वर आल्यावर आधी गोणपाट टाकायचे, मग काटे मोडायचे, कारण ते हातात शिरले तर जखम दिवसेंदिवस ठणकते. शिवड्याच्या जबड्यात बोट घालायचे नाही. गूंच लवकर नासतो, म्हणून तो त्याच दिवशी वाटून टाकायचा.

ही समज फक्त आपल्या काठची नाही. डॅन्यूब आणि तिसा या नद्यांवरचे हंगेरियन, सर्बियन मच्छीमार वाकड्या लाकडी दांड्याने पाण्यावर ठराविक लयीत डुबुक-डुबुक आवाज करतात. त्या आवाजाने तिथला मोठा मार्जारमीन तळातून वर येतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात लोक गळांच्या दोरीला कपडे धुण्याच्या साबणाचे तुकडे लावतात. चरबीच्या वासाला मासा भुलतो. तिथेच विणीच्या दिवसांत बिळात हात घालून, अंडी राखणाऱ्या माशाला हाताला चावू देऊन बाहेर ओढण्याचीही रीत आहे. भाषा आणि नद्या वेगळ्या, पण माशाच्या कानाचा, नाकाचा आणि बिळाचा अभ्यास सगळीकडे सारखाच झालेला दिसतो.

नऊशे वर्षांपूर्वीचा गळ

या विद्येचा आपल्या भागातला लिखित पुरावा बराच जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ज्ञानकोश रचला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत गजानन श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. जुन्या मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातल्या मराठी ओळींमुळे परिचित आहे. पण त्याच्या चौथ्या विंशतीतला 'मत्स्यविनोद' हा अध्याय आपल्याकडे फारसा वाचला गेला नाही. माशांचे प्रकार, कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणते आमिष रुचते, आधी काही दिवस चारा टाकून माशांना जागेची सवय कशी लावावी, काठी, दोर आणि गळ कसे असावेत, हे सगळे त्यात आहे. भारतीय मत्स्यशास्त्रातले मोठे नाव असलेल्या सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायावर स्वतंत्र निबंध लिहिला.

शिवड्याचे संस्कृत नाव पाठीन. हिंदीतले 'पढिन' त्यावरूनच आले. मनुस्मृतीतही खाण्यास योग्य माशांत पाठीन आणि रोहित यांचा उल्लेख आहे. म्हणजे राजाच्या करमणुकीत, स्मृतिकाराच्या नियमात आणि भोयाच्या पोटापाण्यात हा मासा एकाच वेळी होता. फरक एवढाच की राजाचे ज्ञान ग्रंथात गेले आणि भोयाचे ज्ञान हातात राहिले. हातातले ज्ञान हात थांबले की संपते.

तरी या ज्ञानाचे नुसते गोडवे गाणेही खरे नाही. शिंगाळ्याचा नर पावसाळ्याच्या आगेमागे तळाच्या मातीत परडीसारखा खळगा करतो आणि त्यातली अंडी-पिल्ले राखत बसतो. त्या वेळी तो जागा सोडत नाही, म्हणून पकडायला सोपा. शिवडा पहिल्या पुरात अंडी घालायला उथळ पाण्यात चढतो. चढणीचे मासे आपल्याकडे चवीने खाल्ले जातात आणि त्यांत तोही सापडतो. मी तात्यांना विचारले, अहो, त्या दिवसांत तुम्ही डोह सोडून देत होता का? ते थोडा वेळ गप्प राहिले. "म्हातारी मानसं सांगायची, राखन करनारा नर धरू नये. पर घरात दाना नसला की कोन ऐकतं?" हे उत्तर मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. मात्र मोजके गळ, हाताने विणलेले जाळे आणि अवघड डोह, यांमुळे तेव्हा हाव धरूनही सगळे मासे काढता येत नव्हते.

डोह भरत गेले

सायक्सने मुळा-मुठा पाहिली तेव्हा बंड गार्डनचा बंधारासुद्धा बांधला गेला नव्हता. तो १८५०चा. त्यानंतर पुण्याच्या वरच्या अंगाला एकामागून एक धरणे झाली, खाली भीमेवर १९८० मध्ये उजनी पूर्ण झाले. पुण्याच्या माशांची मोजदाद मात्र अभ्यासक पुन्हा पुन्हा करत राहिले : १९४२ मध्ये फ्रेझर, १९६३ मध्ये तोणपी आणि मुल्हेरकर, २००३ मध्ये वाघ आणि घाटे. एकाच शहराच्या नदीची इतक्या लांब काळातली माहिती आपल्याकडे दुर्मीळ आहे. या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की पूर्वीच्या अनेक जाती नंतर सापडल्या नाहीत हे उघड दिसते.

मोठ्या मार्जारमीनावर हा घाला सगळ्यांत आधी पडतो, आणि त्याचे कारण त्याच्या राहणीतच आहे. तो तळाचा प्राणी. सांडपाण्याचा गाळ तळाशीच बसतो आणि प्राणवायू सर्वांत आधी तिथलाच संपतो. वाळूचा उपसा झाला की शिंगाळ्याचा खळगा करायची जागा जाते. धरणामुळे वर चढायची वाट बंद होते. त्यात जिलेटीनचा स्फोट, विजेचा झटका, ब्लीचिंग पावडर. हे उपाय करणाऱ्याला डोह ओळखावा लागत नाही की माशाची सवय ठाऊक असावी लागत नाही. लहान-मोठे सगळेच मरते. शिवड्याची गणना आता जागतिक पातळीवर संकटात सापडलेल्या जातींत होते. सायक्सनेच वर्णन केलेल्या, आपल्या भागातल्या 'सिलोनिया चिल्ड्रेनी' या दुसऱ्या मार्जारमीनाची अवस्था तर त्याहून बिकट आहे.

रिकाम्या जागी पाहुणे आले. उजनीत आज जाळ्यात भरते ती मुख्यतः चिलापी. गळाला मोठा मिशीवाला मासा लागला, तर तो पुष्कळदा आफ्रिकन मांगूर असतो. हवेतून श्वास घेता येत असल्याने घाण पाण्यातही तो वाढतो. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली. तरी इंदापूर-भिगवण भागात त्याची तळी पुढेही सापडत आणि नष्ट केली जात राहिली. अलीकडे दक्षिण अमेरिकेतला सकर मासाही येतो. त्याच्या खरबरीत काट्यांनी जाळी फाटतात.

तात्यांचा नातू उजनीच्या फुगवट्यावर थर्माकोलच्या तराफ्यावरून तंगूसाची जाळी टाकतो. मेहनती मुलगा आहे. त्याला चिलापीचा भाव तोंडपाठ आहे, पण घोगरा आणि शिंगटीत फरक काय हे त्याला सांगता आले नाही. यात त्याचा दोष नाही. ते मासे त्याच्या जाळ्यात आलेच नाहीत, मग शब्द कुठून येणार? भाषेतला शब्द वापर नसल्याने मरतो असे आपण म्हणतो. इथे वापरायची वस्तूच आधी गेली आहे.

करता येण्यासारखे

आपल्याकडे डोह राखण्याची जुनी उदाहरणे आहेत. महाडजवळचे वाळणकोंड, वाडा तालुक्यातले तिळसे इथे देवाच्या नावाने मासे मारले जात नाहीत, आणि तिथे महसीर टिकून आहेत. महसीर दिसायला देखणा, माणसाच्या हातचे खायला वर येणारा, म्हणून त्याला देवाचा आश्रय मिळाला. काळोखात तळाशी राहणाऱ्या शिंगाळ्याला तसा आश्रय कुणी दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण नियम तोच लागू होईल. नदीच्या दर टप्प्यात एखादा खोल डोह बाराही महिने मासेमारी आणि वाळूउपशाशिवाय सोडला, तर आजूबाजूच्या पाण्याला तिथून मासा मिळत राहतो. त्यासाठी कोणते डोह खोल, कोणत्यांचा तळ वाळूचा, कुठे कपारी आहेत, हे आधी कळायला हवे. ही माहिती अजून काही साठी-सत्तरीच्या माणसांकडे आहे आणि त्यांना विचारायला फार वर्षे उरलेली नाहीत.

दिवाळीच्या सुमारास पाणी निवळते, डोहांचा आकार पुन्हा दिसू लागतो. वाचकांपैकी जे नदीकाठचे आहेत त्यांना माझी विनंती आहे : गावातल्या जुन्या मच्छीमाराला भेटा. डोहाचे नाव, माशाचे नाव, तो शेवटचा कधी दिसला, कोणत्या आमिषाला लागायचा, एवढे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. नाव 'शुद्ध' करू नका.

सायक्सची यादी त्या दिवशी पूर्ण वाचून झाली तेव्हा अंधार पडत आला होता. सातांपैकी तीन नावे तात्यांनी लगेच ओळखली. टाक्री आणि गुंगवारी ऐकल्यासारखी वाटतात म्हणाले. इच्किया म्हणताच हसले आणि मला तो शब्द दोनदा परत म्हणायला लावला. कुटुर्नीवर मात्र ते बराच वेळ अडले. "बाला ठावं असतं," एवढेच म्हणाले, आणि पुन्हा जाळे विणायला लागले. माझ्या वहीत कुटुर्नीपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. भीमा, नीरा, घोड, सीना, कुठल्याही काठावर हा शब्द कुणाच्या तोंडी अजून असेल, तर मला तो ऐकायचा आहे.